आधी दरड, मग हंसराज : मुंबईच्या जंगलातला मेडनहेअर नेचा ओळखायचा कसा

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी लेण्यांकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर पावसाळ्यात सगळ्यांच्या माना ओढ्याच्या बाजूला वळलेल्या असतात. हंसराज हा नेचा, म्हणजे फर्न, असतो नेमका उलट बाजूला. टेकडी कापून रस्ता काढताना जी ओली, मुरमाड दरड उघडी पडली, तिच्यावर, साधारण गुडघ्यापासून खांद्याच्या उंचीपर्यंत. काळ्याभोर तारेवर ओवलेल्या हिरव्या चंद्रकोरी. एकदा डोळ्यांत बसला की मग पुढचा फर्लांगभर तोच तो दिसत राहतो.

डोळ्यांत बसायला मात्र मला चार पावसाळे लागले. कारण साधं होतं. घरी गॅलरीत नर्सरीतून आणलेली 'मेडनहेअर'ची कुंडी होती. बारीक बारीक पंख्यांसारखी पानं, कुरळ्या केसांसारखा झुबका. जंगलातही मी तसलाच झुबका शोधत होते. शिवाय शोधत होते ओढ्याकाठी, दाट सावलीत, कारण नेचा म्हणजे पाणी आणि अंधार असं डोक्यात पक्कं बसलेलं. एकदा सोबतच्या ताई म्हणाल्या, "तू पाठ फिरवून उभी आहेस त्याच्याकडे." मागे वळले तर अख्खी दरड हंसराजाने भरलेली.

तेव्हापासून नवख्यांना घेऊन जाते तेव्हा मी आधी नेचा दाखवतच नाही. दरड दाखवते. जागा कळली की झाड सापडतं, आणि पुष्कळदा जागेवरूनच निम्मी ओळख पटते.

नावांचा गुंता

जगभर ज्यांना मेडनहेअर म्हणतात त्या नेच्यांची प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट, जीनस) अ‍ॅडिअँटम. ग्रीक शब्दाचा अर्थ 'न भिजणारा', आणि तो का, ते पुढे पाण्याच्या थेंबापाशी कळेलच. मेडनहेअर म्हणजे तरुण मुलीचे केस. काळ्या, बारीक, चकचकीत दांड्यांवरून ते नाव पडलं.

या प्रजातीतली मुंबईच्या टेकड्यांवर सगळ्यांत सहज भेटणारी जात म्हणजे अ‍ॅडिअँटम फिलिपेन्स. हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ साली दिलं. नावात फिलिपीन्स असलं तरी ही जात आशिया आणि आफ्रिकेच्या उष्ण भागांत दूरवर पसरलेली आहे, आणि आपल्याकडे ती अस्सल देशी आहे. जुन्या पुस्तकांत हाच नेचा अ‍ॅडिअँटम लुन्युलेटम या नावाने सापडतो. लुन्युला म्हणजे चिमुकली चंद्रकोर. पर्णिकेचा, म्हणजे दांडीवरच्या एकेका हिरव्या पानोळ्याचा, आकार पाहिला की हे दुसरं नाव जास्त शहाण्याने दिलंय असं वाटतं.

मराठीत हंसराज, राजहंस, हंसपदी, घोडखुरी अशी नावं आहेत. मला घोडखुरी सगळ्यांत आवडतं. पर्णिका हातावर ठेवून पाहिली तर खरंच एका बाजूला सरळ, दुसऱ्या बाजूला गोल, खुराच्या ठशासारखी दिसते. पण मराठी नावावर विसंबून ओळख पटवू नका. हंसराज हे नाव लोक या प्रजातीतल्या दोन-तीन जातींना सरसकट लावतात. काष्ठौषधींच्या दुकानात 'हंसराज' मागितलं तर वाळक्या काड्यांचा चुरा पुडीत मिळतो, आणि तो कोणत्या जातीचा हे पुडीवरून सांगता येत नाही. युनानी हकीम ज्याला परसियावशान म्हणतात तो अ‍ॅडिअँटम कॅपिलस-व्हेनेरिस, म्हणजे वेगळी जात. तेव्हा रानात ओळखला म्हणून घरी आणून काढा करायचा विचार असेल तर तो सोडूनच द्या.

सराव गॅलरीत

जंगलात जायच्या आधी आठवडाभर कुंडीतल्या मेडनहेअरवर हात बसवा. नर्सरीत मिळतो तो बहुतेक अ‍ॅडिअँटम रॅडिएनम, मूळचा दक्षिण अमेरिकेचा. जात वेगळी असली तरी प्रजातीची लक्षणं तीच, आणि कुंडीपाशी कितीही वेळ बसता येतं. जंगलात पाऊस असतो, चष्म्यावर वाफ असते आणि मागून कोणी तरी "चला, चला" करत असतं.

एक पान हळूच उलटून पाहा. कडेला जागोजागी कागद दुमडावा तशी बारीक घडी आत वळलेली दिसेल. दहापट भिंगाखाली ती घडी सुईच्या टोकाने किंचित उचला. आत तपकिरी खसखशीसारखे दाणे आहेत, त्या बीजाणुधानी, म्हणजे बीजाणूंच्या पिशव्या (नेच्याला बिया नसतात, धुळीसारखे बीजाणू असतात). आता नीट पाहा : दाणे पानाच्या पाठीला चिकटलेत की घडीच्या आतल्या अंगाला? अ‍ॅडिअँटममध्ये ते घडीलाच चिकटलेले असतात. इतर कितीतरी नेच्यांची कडही अशी दुमडते, पण त्यांत दाणे पानाच्या पाठीवर असतात आणि घडी नुसती पांघरुणासारखी वर येते. या प्रजातीची सगळ्यांत पक्की खूण हीच. एकदा कुंडीत पाहिली की जंगलात दोन सेकंदांत पटते.

कधी जायचं

मुंबईत पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास लागतो. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत दरडीतून गुंडाळलेली, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी कोवळी टोकं वर येतात. जूनअखेरीस ओळख अवघड, कारण पानं पुरती उलगडलेली नसतात आणि बीजाणू तर नसतातच. ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबरअखेर हा उत्तम काळ. पानं पूर्ण वाढलेली, कडेच्या घड्या तपकिरी झालेल्या, आणि पानांची टोकं लांबून मातीला टेकायला लागलेली. या टोकांचं महत्त्व पुढे सांगते. ऑक्टोबरच्या उन्हाने पानं पिवळी पडतात. नोव्हेंबर-डिसेंबरात मातीखालचा छोटा गड्डा तेवढा जिवंत राहतो.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं. मुख्य दरवाजापासून कान्हेरीपर्यंतच्या डांबरी रस्त्यावरच इतका हंसराज आहे की आतल्या पायवाटांची गरज नाही. त्यांपैकी शिलोंढ्यासारख्या वाटांना तर परवानगी लागते. येऊर, तुंगारेश्वर, कर्नाळा इथेही हाच शोध चालतो. माथेरानला गेलात तर मुरमाऐवजी तांबडा जांभा दिसेल, पण रीत तीच.

सोबत काय घ्यायचं? दहापट भिंग, सहा इंची पट्टी, मोबाइल, आणि पावडरच्या डबीतला गोल आरसा. आरशाची गंमत अशी : नेच्याचं पान उलटून पाहताना नवशिक्याच्या हातून हमखास दांडी मोडते. त्याऐवजी पानाखाली आरसा तिरका धरा, पाठ आरशात दिसते, मोबाइलने आरशाचाच फोटो काढता येतो. पानाला हातही लागत नाही. हा आरसा मी आता घरच्या पावडरच्या डबीत परत ठेवतच नाही.

दरड वाचणं

आता मुख्य काम. रस्त्याकडेची प्रत्येक दरड हंसराजाची नसते. पहिल्यांदा लांबूनच चार गोष्टी पाहायच्या.

दरड उभी पाहिजे. सपाट जमिनीवर साग, ऐन, किंजळ यांचा पालापाचोळा साचतो आणि त्याखाली नेच्याचा बीजाणू रुजत नाही. बीजाणूतून आधी उगवते ती नखाएवढीही नसलेली, हृदयाच्या आकाराची हिरवी चकती. तिला उघडी, ओली, शांत माती लागते. अंगावर सागाचं एक पान पडलं तरी तिचा कारभार आटोपला. उभ्या दरडीवर पाचोळा टिकत नाही, घसरून खाली जातो. म्हणून हंसराज दरडीच्या पोटाशी असतो, पायथ्याशी साचलेल्या ढिगात जवळजवळ नसतो. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत म्हटलं ते त्यामुळेच.

दरड ओली पाहिजे, वाहती नको. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ज्या जागी पाण्याचा लोट दरडीवरून खाली येतो तिथे माती धुपून कोरा कातळ उघडा पडतो, तिथे नेचा नाही. जिथे दरड आतून पाझरते, बोट टेकवलं तर ओलं होतं पण थेंब ओघळत नाही, तिथे आहे. हा पाझर मुरमाच्या थरांतून येतो. उद्यानातल्या टेकड्या ज्वालामुखीच्या खडकाच्या. वरचा झिजून मुरूम होतो, खालचा कठीण राहतो, आणि दोहोंच्या सांध्यातून पाणी बाहेर येतं. दरडीवर आडवी ओली रेघ दिसली की त्या रेघेच्या खालची पट्टी आधी तपासा. नव्वदीच्या घरातल्या आजोबांपासून पाचवीतल्या मुलापर्यंत, ही रेघ दाखवली की सगळे दोन मिनिटांत हंसराज शोधून देतात.

उजेड हवा, ऊन नको. इथेच मी चार वर्षं चुकले. दाट जाळीतल्या ओढ्याकाठी दुसरे नेचे आहेत, मोठ्या रुंद पानांचे. हंसराजाला डोक्यावर झाडांची गच्च छत्री नको, रस्त्याच्या वरच्या फटीतून येणारा उजेड हवा. म्हणून तर तो माणसाने कापलेल्या दरडीवर इतका खूश असतो. रस्ते नव्हते तेव्हा कुठे असेल? ओढ्यांनी खाल्लेल्या काठांवर, कोसळलेल्या कड्यांवर, उन्मळलेल्या झाडाच्या मुळांनी उपसलेल्या मातीवर. त्या जागा अजूनही आहेत आणि तिथेही तो आहे. फक्त तिथवर पोचायला पाय घसरतात.

दरडीचं तोंड कुठे आहे, तेही पाहा. मुंबई १९ अंश उत्तरेला. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यानंतर दक्षिणेला सरकतो. जुलैत ढगांमुळे फरक कळत नाही, पण सप्टेंबरअखेर ऊन पडायला लागलं की दक्षिणेकडे तोंड असलेली दरड आधी वाळते. उत्तरेकडची पुढे कित्येक दिवस हिरवी राहते. उशिरा निघालात तर होकायंत्र उघडून उत्तरमुखी दरड शोधा, फेरी वाया जाणार नाही.

शेजारी कोण राहतं यावरूनही अंदाज येतो. मखमली शेवाळ आणि पालीच्या कातडीसारखी चपटी, जमिनीला चिकटलेली लिव्हरवर्ट दिसली, तर माती बऱ्याच काळापासून हललेली नाही. सिलॅजिनेला, म्हणजे नाजूक जाळीसारखी पसरलेली हिरवी वनस्पती, दिसली की तुम्ही अगदी जवळ आहात. नुसतं उंच गवत आणि तेरड्याची गर्दी असेल तर दोन पावलं पुढे चला.

दरडीतल्या भोकांत बोटं घालू नका. पावसाळ्यात तिथे विंचू, खेकडे आणि कधी कधी साप असतात. नेच्याला नांगी नसते, त्या भोकातल्याला असू शकते.

झाडापाशी पोचल्यावर

पहिली नजर अख्ख्या पानावर. नेच्यात आपण ज्याला फांदी समजतो ते एकच पान असतं, गड्ड्यापासून टोकापर्यंत. हंसराजाचं पान एका हातात मावेल एवढं, साधारण अर्ध्या ते दीड वितीचं. मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पर्णिका, एकदाच विभागलेल्या. म्हणजे दांडीला फांद्या फुटून त्यांना पुन्हा पर्णिका, असं नाही. ही एक गोष्ट पाहिली की कुंडीतला मेडनहेअर तिथल्या तिथे बाद होतो. त्याचं पान दोन-तीनदा विभागलेलं असतं.

मग दांडी. काळी किंवा काळपट तांबूस, नथीच्या तारेसारखी बारीक, मंगळसूत्रातल्या मण्यासारखी चकाकणारी. बोटाने हळू चाचपून पाहा. गुळगुळीत लागली पाहिजे. केसाळ, खरखरीत लागली तर थांबा, तो दुसरा कोणी आहे.

पर्णिकेपाशी मात्र वेळ काढा. खालची कड जवळजवळ सरळ, वरची गोल, उथळ लाटांची. मधोमध शीर नाही. तुळस, आंबा, पिंपळ कोणतंही पान घ्या, मध्ये एक जाड शीर असते. इथे देठाच्या टोकापासून शिरा पंख्यासारख्या पसरतात, प्रत्येक शीर पुढे दोन होते, दोनाच्या चार. उन्हाकडे धरून पाहिलं तर हातपंख्याच्या काड्या दिसतात. प्रत्येक पर्णिकेला स्वतःचा बारीक काळा देठ असतो, खालच्या पर्णिकांचा सेंटिमीटरभर लांब. तो काळा रंग पर्णिकेच्या तोंडाशी एकदम थांबतो, हिरव्यात मिसळत जात नाही. रेघ मारल्यासारखा तुटतो. तिथे सांधा आहे. पान वाळलं की पर्णिका त्या सांध्यापाशी गळते आणि देठ तसाच उभा राहतो. भिंगाखाली हा सांधा जरूर पाहा. फोटोत तो फार थोडे लोक टिपतात.

आता थेंब. पाऊस नुकताच थांबला असेल तर काही करावं लागत नाही, नाही तर बाटलीतले चार थेंब पर्णिकेवर सोडा. पाणी पसरत नाही. गोळा होऊन पाऱ्यासारखं थरथरतं, पर्णिका जराशी कलली की सुळकन घरंगळतं, आणि मागे कोरडं हिरवं उरतं. अळूच्या पानावर जे लहानपणी करायचो तेच, फक्त इथे थेंब बाजरीएवढे. भर पावसात पाचशे पानं ओथंबलेली असताना हंसराज मात्र कोरडा असतो. ग्रीकांनी नाव उगाच नाही दिलं.

आरसा खाली सरकवा. वरच्या गोल कडेला घडी दिसेल, लांब पट्टीसारखी, जिथे कडेला खाच आहे तिथे तुटलेली. खालच्या सरळ कडेला घडी नसते. जुलैत ती फिकट, सप्टेंबरात तपकिरी. घडी अजिबात नसेल तर ते पान वांझ आहे. त्याच झुबक्यातलं दुसरं, उंच पान पाहा. वांझ पानांच्या पर्णिका जरा जास्त कातरलेल्या असतात, त्यामुळे नुसतं तेच पान पाहिलं तर हमखास घोटाळा होतो.

शेवटी टोक. मला सगळ्यांत आवडणारी पायरी हीच. ऑगस्टनंतर काही पानांचं टोक पर्णिका सोडून देतं आणि नुसती बारीक दोरी होऊन लांबत जातं. वाकतं, मातीला टेकतं, आणि टेकलेल्या जागी मुळं धरून नवीन रोप उभं करतं. ते रोप मोठं झालं की त्याचं पान पुढे टेकतं. एका दरडीवर मी अशी साखळी मोजली होती : आई, मुलगी, नात, पणती, चौघी एका ओळीत, खालच्या बाजूला उतरत आलेल्या. चालणारा नेचा म्हणतात तो याच सवयीमुळे. झुबके एकमेकांपासून साधारण वीतभर अंतरावर आणि एकाच दिशेला ओळीने असतील, तर टोकं तपासा, जोडलेली सापडतील.

एकदा विभागलेलं पान, गुळगुळीत काळी दांडी, चंद्रकोरी पर्णिका लांब देठावर, आणि घडीच्या आत दाणे. हे चारही जुळले तर निर्धास्त नोंद करा. तीनच जुळले तर फोटो घ्या आणि नाव राखून ठेवा.

फसवणारे

सख्खा भाऊ अ‍ॅडिअँटम इन्सिसम. जुन्या नोंदींत हा पुष्कळदा अ‍ॅडिअँटम कॉडेटम म्हणून येतो. हाही एकदाच विभागलेला, हाही टोक टेकून चालणारा. पण दांडीवर तपकिरी लव असते, पर्णिका जवळजवळ बिनदेठाच्या आणि वरची कड कात्रीने कापल्यासारखी खोल चिरलेली. पानं उभी राहत नाहीत, जमिनीवर लोळतात. हा जास्त कोरड्या, खडकाळ जागी असतो. दोघं एकाच दरडीवर असतील तर हा वरच्या कडेच्या बाजूला, हंसराज पाझराच्या जवळ. बोटाने चाचपलं की प्रश्न मिटतो.

चुलतभाऊ अ‍ॅडिअँटम कॅपिलस-व्हेनेरिस. पर्णिका छोट्या, पाचरीच्या आकाराच्या, पान दोनदा विभागलेलं. याला चुना प्यारा. जुन्या चुन्याच्या बांधकामाच्या विहिरी, सतत ठिबकणाऱ्या भिंती ही त्याची घरं. जंगलातल्या मुरमाच्या दरडीवर हा दिसला असं वाटलं तर पुन्हा पाहा. हा आणि कुंडीतला रॅडिएनम यांत गोंधळ होतो, त्यावर उपाय आहे : वांझ पर्णिकेच्या कडेला शिरा कुठे संपतात ते भिंगाने पाहा. दात्यांच्या टोकात संपल्या तर कॅपिलस-व्हेनेरिस, दोन दात्यांमधल्या खाचेत संपल्या तर रॅडिएनम. डोळे दुखतात, पण उत्तर पक्कं मिळतं.

पांढऱ्या पाठीचा चांदी नेचा, म्हणजे अ‍ॅल्युरिटॉप्टेरिस, याचीही दांडी काळी आणि चकचकीत. लहानपणी ज्यांनी पान मनगटावर दाबून पांढरा ठसा काढलाय त्यांना सांगायला नको. पाठ पांढरी दिसली की तो हंसराज नव्हे. काइलँथस टेन्युइफोलिया दरडीवरच असतो, काळ्या दांडीचाच असतो, पण त्याचं पान त्रिकोणी आणि कोथिंबिरीसारखं बारीक चिरलेलं. भुईआवळ्यानेही लोक फसतात, लांबून. जवळ गेलं की हिरवी दांडी आणि पानांखाली ओळीने लटकलेली आवळ्यासारखी फळं दिसतात. नेच्याला फळ नसतं, विषय संपला.

इमारतींच्या सांडपाण्याच्या पाइपांवर, रेल्वेच्या भिंतींवर जो लांब, कंगव्यासारखा नेचा उगवतो तो टेरिस व्हिटाटा. त्याला मेडनहेअर समजणं फार चालतं. सिमेंटचा चुना त्याला मानवतो. हा नेचा मातीतलं आर्सेनिक शोषून पानांत साठवतो असं २००१ साली सिद्ध झालं, त्यामुळे पाइपवरचा म्हणून त्याला कमी लेखू नका. मात्र याची दांडी काळी नाही, आणि त्याचा ठावठिकाणा हंसराजाच्या नेमका उलट. माझ्या नेहमीच्या फिरण्यातल्या एका रस्त्याकडेची हंसराजाची दरड एका उन्हाळ्यात खरवडून तिला सिमेंटचा गिलावा केला गेला. पुढच्या पावसाळ्यात पाणी निघायला ठेवलेल्या भोकांतून हिरवं डोकावलं तेव्हा मी आनंदाने धावले. टेरिस व्हिटाटा होता. हंसराज काही परतला नाही.

नोंद कशी करायची

एका झुबक्याचे पाच फोटो घ्या. पहिला चार पावलं मागे जाऊन, दरडीसह, ओली रेघ दिसेल असा. दुसरा अख्खं पान, शेजारी पट्टी. तिसरा दांडीचा, चौथा एका पर्णिकेचा, देठाच्या सांध्यासह. पाचवा आरशातली पाठ. वनस्पती ओळखणाऱ्यांना लोक एकच फोटो पाठवतात, वरून काढलेला सुंदर हिरवा झुबका, आणि विचारतात "हा कोणता?" त्यावरून प्रजाती सांगता येते, जात नाही. आयनॅचरलिस्टसारख्या अ‍ॅपवर नोंद करणार असाल तर हेच पाच फोटो टाका, आणि टिपणात तारीख, दरडीचं तोंड, पाझर आहे की नाही, टोक टेकलेलं होतं का, एवढं लिहा. सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या ब्लॅटर वनस्पतिसंग्रहात जुने वाळवलेले नमुने ठेवलेले आहेत. अभ्यास पुढे न्यायचा असेल तर रीतसर परवानगी घेऊन ते पाहता येतात. वाळलेल्या पानातही दांडीची चकाकी तशीच राहते.

पान तोडू नका, रोप तर उपटूच नका. राष्ट्रीय उद्यानातून वनस्पती काढून नेणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मना आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहारात ते रोप घरी जगत नाही. मुरूम, पाझर, उतार आणि चार महिन्यांची दमट हवा कुंडीत भरता येत नाही. पानं उन्हाळ्यात गेली की आपण रोप मेलं समजून कुंडी रिकामी करतो, तर गड्डा खाली झोपलेला असतो. मेडनहेअर घरी हवाच असेल तर नर्सरीतला आणा. तोही रुसतोच, पण निदान त्याची दरड ओस पडत नाही.

डिसेंबरात एकदा त्याच जागी पुन्हा जाऊन या. दरड वाळून भेगाळलेली असते, हिरवं काहीच नसतं. जवळ जाऊन वाका. पर्णिका सांध्यांपाशी गळून गेल्यात, आणि मातीतून नुसत्या काळ्या तारा उभ्या आहेत, दोन्ही बाजूंना बारीक देठांचे काटे घेऊन, माशाच्या काट्यासारख्या. शेजारच्या दगडावर किंवा झाडावर नजरेची खूण ठेवा, मोबाइलमध्ये जागा टिपून ठेवा. जूनच्या शेवटच्या रविवारी नेमकं तिथेच गुडघे टेकून बसलात, तर त्या जुन्या तारांच्या बुडाशी पहिली पोपटी गुंडाळी दिसेल.